रेशीम मार्ग वर्गात शिकवायचाय? सुरुवात एका कोषापासून करा

पहिल्या वर्षी मी फळ्यावर एक लाल रेघ ओढली. उजवीकडे चीनची जुनी राजधानी छांगआन, डावीकडे रोम, मध्ये चार-पाच शहरांचे ठिपके. मुलांनी ती वहीत उतरवून घेतली. घटक चाचणीत जवळजवळ सगळ्या वर्गाने एकच उत्तर लिहिलं: "चीनचे व्यापारी उंटावर रेशीम लादून रोमला जात व विकून परत येत." उत्तर चूक होतं, पण ती रेघ पाहिलेल्या मुलाला दुसरं काही सुचणार तरी कसं? चीनने पश्चिमेकडे मुद्दाम पाठवलेला दूत कान यिंग इ.स. ९७ मध्ये पार्थियाच्या, म्हणजे आजच्या इराण-इराक भागातल्या राज्याच्या, समुद्रकाठापर्यंत पोचला. तिथल्या खलाशांनी पुढच्या समुद्रप्रवासाची भीती घातली आणि तो तिथूनच मागे फिरला. राजाच्या माणसाची ही गत, मग साधा व्यापारी रोमपर्यंत कुठून जाणार? माल मात्र गेला. तो हातोहात गेला, दर टप्प्याला धनी बदलत.

मुलांना हे हातोहात जाणं कळलं की बाकीचा इतिहास त्याला आपोआप चिकटतो, असा माझा अनुभव आहे. पुढचा सगळा आराखडा त्यावरच उभा आहे. इयत्ता सहावी ते नववीच्या वर्गांसाठी, मराठी माध्यमात, साधारण आठ तासिकांत बसेल असा. तुम्ही हा विषय पहिल्यांदा घेत असाल तर मी जिथे अडखळले तिथे तुम्ही अडखळू नये, एवढ्यासाठी लिहिते आहे.

१. आधी काळ निवडा, सगळी घराणी घेऊ नका

चीनचा इतिहास म्हटलं की शांग, चौ, छिन, हान, थांग, सुंग, युआन, मिंग, छिंग अशी यादी समोर येते आणि आपण ती पाठ करून घ्यायला लागतो. असं करू नका. दोनच घराणी नीट शिकवा: हान (इ.स.पू. २०६ ते इ.स. २२०) आणि थांग (इ.स. ६१८ ते ९०७). हानांच्या काळात पश्चिमेची वाट उघडली. थांगांच्या काळात छांगआन, म्हणजे आजचं शिआन, हे देशोदेशीच्या माणसांनी भरलेलं शहर झालं.

बाकीच्या घराण्यांसाठी कपडे वाळत घालायची दोरी आणि चिमटे वापरा. एक शतक म्हणजे १० सेंटिमीटर. शांग घराण्याच्या सुरुवातीपासून (अंदाजे इ.स.पू. १६००) शेवटचा छिंग सम्राट पायउतार होईपर्यंत (१९१२) साडेतीन मीटर दोरी लागते, वर्गाच्या एका भिंतीवर सहज मावते. वरच्या बाजूला चीनची कार्डं, खालच्या बाजूला आपली. हानांच्या खाली सातवाहन येतात, थांगांच्या खाली हर्षवर्धन आणि बदामीचा पुलकेशी, मिंगांच्या खाली बहमनी. १६७४ चा रायगडावरचा राज्याभिषेक लावायला गेलं की वर छिंग घराण्याचा खांगशी सम्राट गादीवर असतो. "बाई, म्हणजे हे दोघं एकाच वेळी होते?" हा प्रश्न दरवर्षी येतो. तो आला की दोरीचं काम झालं असं समजा.

२. सामान जमवा

हे सगळं सुरुवात करण्याआधी हाताशी हवं:

- रेशमाचे १५-२० कोष
- चिनीमातीची बरणी किंवा कप, आणि शेजारी ठेवायला साधं मातीचं भांडं
- मूठभर मिरी, दालचिनीचे तुकडे, चहाची पूड
- रंगीत खडू किंवा रांगोळी
- जाड पुठ्ठा (नाण्यांसाठी) आणि सुतळी
- दोरी, चिमटे, कोरी कार्डं
- भारतीय सर्वेक्षण विभागाच्या सीमा दाखवणारा आशियाचा नकाशा
- इलेक्ट्रिक किटली किंवा शेगडी, पातेलं, जुना टूथब्रश

कोष मिळायला वेळ लागतो, त्यामुळे पंधरा दिवस आधी हालचाल करा. मराठवाड्यात असाल तर तुती लावणारा शेतकरी जवळपास सापडतोच, जालन्याला तर कोषांची बाजारपेठच आहे. इतरांनी जिल्हा रेशीम कार्यालयात विचारावं. वाळवलेले कोष मागा. ताज्या कोषातून आठ-दहा दिवसांत पतंग बाहेर पडतो आणि भोक पडलेल्या कोषाचा सलग धागा निघत नाही. माझा एक पूर्ण खोका असा वाया गेला आहे.

नाणी मुलांकडून करून घ्या. गोल पुठ्ठा, मध्ये चौकोनी भोक. हान काळातलं वूचू नाणं इ.स.पू. ११८ पासून असंच पाडलं जाई आणि सुतळीत ओवून माळ करून ठेवत. भोक कशाला, हे आधी सांगू नका. पन्नास नाणी सांभाळायची वेळ आली की मुलं स्वतःच सुतळी शोधतात.

३. नकाशावर आधी पाणी काढा

रस्ता आधी काढला की पुन्हा तीच लाल रेघ येते. म्हणून मी आता जमिनीवर खडूने भूगोल काढते आणि रस्ता मुलांना शोधायला सांगते.

मधोमध मोठी लंबगोल जागा, ती तकलामाकान वाळवंट. तिच्या वर तिएनशान पर्वत, खाली कुनलुन, डावीकडे दोन्ही जिथे येऊन मिळतात तिथे पामीरचं पठार. उजवीकडे डोंगर आणि वाळवंट यांच्या मधली निमुळती पट्टी, ती हशी. तिच्या पश्चिम टोकाला दुनह्वांग. मग सांगा: पर्वतावर बर्फ आहे, ते वितळून ओढे खाली येतात आणि वाळूत जिरतात. जिथे ओढा वाळूला भेटतो तिथे निळा ठिपका काढा. मुलं वरच्या कडेने ठिपके देतात (तुर्फान, कुचा, आक्सू), खालच्या कडेने देतात (मीरान, निया, खोतान, यारकंद) आणि दोन्ही ओळी काश्गरजवळ जुळतात. आता विचारा, उंट घेऊन जायचं तर कुठून जाल? वाट दोन फाट्यांत का फुटते, हे तुम्हाला सांगावं लागत नाही. ती पाण्यामागे गेलेली दिसते.

यानंतरच एक वाक्य सांगा: 'रेशीम मार्ग' हे नाव त्या वाटेवरून चालणाऱ्या कुणालाही माहीत नव्हतं. फर्डिनांड फॉन रिख्टहोफेन या जर्मन भूगोलतज्ज्ञाने १८७७ मध्ये ते रूढ केलं. उंटवाल्यासाठी ती फक्त समरकंदची वाट किंवा खोतानची वाट होती.

इथे एक धोका आहे, तो गंभीरपणे घ्या. इंटरनेटवरचे रेशीम मार्गाचे बहुतेक नकाशे परदेशी असतात आणि त्यांत जम्मू-काश्मीर, लडाखच्या सीमा भारत सरकारच्या नकाशाप्रमाणे नसतात. असा नकाशा छापून वर्गात लावला तर अडचण येते आणि ती योग्यही आहे. आधुनिक सीमा नसलेला, फक्त पर्वत-नद्यांचा नकाशा वापरा. सीमा दाखवायच्या असतील तर सर्वेक्षण विभागाचाच आराखडा घ्या.

४. कोष उकलून दाखवा

या एका तासिकेसाठी मी बाकी काहीही सोडायला तयार असते.

पाणी उकळा, सहा-सात कोष त्यात पाच-सात मिनिटं ठेवा. कोषाचा डिंक सुटतो, पाण्याला एक उग्र वास येतो, मुलं नाक दाबतात. मग टूथब्रशने कोषांवर हलकेच फिरवा. आधी गुंता निघतो, तो बाजूला काढा. थोडा वेळ गेला की ब्रशला एकच बारीक तार चिकटून येते आणि कोष पाण्यात गरगर फिरायला लागतो. वर्ग इथे एकदम शांत होतो. तार इतकी बारीक की मागच्या बाकावरून दिसतच नाही, म्हणून मुलांना चार-चारच्या गटाने जवळ बोलवा. पुठ्ठ्याच्या तुकड्यावर गुंडाळायला द्या. एकटी तार तुटते. मग सगळ्या कोषांच्या तारा एकत्र धरून गुंडाळायला लावा, लगेच धागा होतो, कारखान्यातही असंच करतात. एका चांगल्या कोषातून शेकडो मीटर, कधी हजाराच्या आसपास सलग तार निघते. आपल्या मैदानाला किती फेऱ्या होतील, हे गणिताच्या वहीत काढायला सांगा.

गरम पाण्याजवळ फक्त तुम्ही. आणि एक गोष्ट आधीच बोलून घ्या: आतला जीव मेलेला असतो. काही घरांतून मुलांना याचं फार वाईट वाटतं. त्यांना बळजबरी करू नका, त्यांच्याकडे लांबी मोजायचं काम द्या. माझ्या वर्गातल्या एका मुलीने कोषाला हातही लावला नाही, पण गुंडाळलेल्या पुठ्ठ्याचे वेढे सगळ्यांत काळजीपूर्वक तिनेच मोजले.

हातात धागा असतानाच ही विद्या चीनबाहेर कशी गेली ते सांगा. खोतानच्या राजाशी लग्न ठरलेल्या राजकन्येने तुतीचं बी आणि रेशीमकिड्यांची अंडी डोक्यावरच्या मुकुटात लपवून सीमेपार नेली, अशी दंतकथा आहे. पुरातत्त्वज्ञ ऑरेल स्टाइन यांना खोतानजवळच्या दंदान उइलिकच्या अवशेषांत रंगवलेली एक लाकडी फळी मिळाली. तिच्यावर एक दासी राजकन्येच्या मुकुटाकडे बोट दाखवते आहे. फळी आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे आणि तिचं छायाचित्र सहज मिळतं. आधी चित्र दाखवा, "ही बाई बोट का दाखवते आहे?" एवढंच विचारा, गोष्ट नंतर. पुढे इ.स. ५५२ च्या सुमारास काही साधूंनी ही अंडी कॉन्स्टँटिनोपलला, म्हणजे आजच्या इस्तंबूलला, पूर्व रोमन सम्राट जस्टिनियनकडे पोचवली.

५. चांग छिएनची गोष्ट तपासासारखी सांगा

हान सम्राट वू याला उत्तरेच्या श्योंग्नू टोळ्यांविरुद्ध मित्र हवा होता. त्याने इ.स.पू. १३८ मध्ये चांग छिएन या अधिकाऱ्याला सुमारे शंभर माणसं देऊन पश्चिमेला पाठवलं. श्योंग्नूंनी त्याला वाटेतच पकडलं आणि दहा वर्षं ठेवून घेतलं. तिथे त्याचं लग्न झालं, मुलगा झाला, पण राजदूताचा दंड त्याने हातातून सोडला नाही. पळाला, मध्य आशियातल्या फरगाण्याला पोचला, तिथून बॅक्ट्रियाला, म्हणजे आजच्या उत्तर अफगाणिस्तानात. ज्या मैत्रीसाठी गेला ती झालीच नाही. परतताना पुन्हा पकडला गेला, पुन्हा निसटला. तेरा वर्षांनी छांगआनला आला तेव्हा निघालेल्या माणसांपैकी फक्त एक सोबती बरोबर होता, आणि त्याची बायको.

इथपर्यंत साहस. आता तपास. बॅक्ट्रियाच्या बाजारात त्याला बांबूच्या काठ्या आणि कापड दिसलं. दोन्ही चीनच्या नैऋत्येकडच्या शू प्रांतातलं, म्हणजे आजच्या सिचुआनमधलं. तो चक्रावला. मी आलो ती वाट तर श्योंग्नूंनी अडवलेली, मग हा माल आला कुठून? व्यापारी म्हणाले, आम्ही हा शेनतूहून आणतो, तिथले लोक हत्तीवर बसून लढतात.

इथे थांबा. नकाशा मुलांपुढे ठेवा आणि विचारा: शेनतू कुठे असेल? शूचा बांबू तिथे कसा पोचला असेल? पाच मिनिटं काहीही बोलू नका. कुणीतरी सिंधू म्हणेल, कुणी हत्तीवरून भारत ओळखेल, आणि मग एखादं मूल सिचुआनहून आसामकडे बोट सरकवेल. चांग छिएनने हाच निष्कर्ष काढून सम्राटाला सांगितला होता. शेनतू म्हणजे सिंधूचा प्रदेश, आपला देश. बाजारात दिसलेल्या एका काठीवरून इतिहास कसा उलगडतो, हे याहून चांगल्या उदाहरणाने शिकवता येईल असं मला वाटत नाही.

६. साखळीचा खेळ

वर्गाचे सात गट करा: छांगआन, दुनह्वांग, खोतान, बॅक्ट्रिया, पार्थिया, रोम, आणि बॅक्ट्रियाच्या बाजूला खाली भडोच, म्हणजे गुजरातमधलं जुनं बंदर. समरकंदचे सोग्दी व्यापारी म्हणून दोन चुणचुणीत मुलं वेगळी ठेवा, ती दुनह्वांग ते बॅक्ट्रिया फिरू शकतात. बाकी कुणीही शेजारच्या गटापलीकडे जायचं नाही, बोलायचंही नाही.

छांगआनकडे रेशीम द्या, खोतानकडे जेड (हिरवट मौल्यवान दगड), भडोचकडे मिरी आणि सुती कापड, रोमकडे काच आणि नाणी. प्रत्येक गटाने घेतलेला माल किमान दुप्पट भावाने पुढे विकायचा. छांगआनला एका नाण्याला पडलेलं रेशीम पाच हात बदलून रोमला पोचतं तेव्हा ३२ नाण्यांचं होतं. हे आकडे खेळापुरतेच आहेत हे मुलांना स्पष्ट सांगा, नाहीतर ते पेपरात लिहितात.

खेळ संपला की रोमच्या गटाला उभं करा आणि विचारा, हे कापड कशापासून होतं? त्यांनी कोषाची तासिका पाहिलेली असते म्हणून बरोबर उत्तर देतात. मग सांगा की खरे रोमन हे सांगू शकत नव्हते. पहिल्या शतकातल्या प्लिनी या रोमन लेखकाने लिहून ठेवलं आहे की रेशीम झाडांच्या पानांवरून काढतात. भारत, चीन आणि अरबस्तान मिळून दरवर्षी रोमचे दहा कोटी सेस्टर्स (रोमन नाणी) ओढून नेतात, ही तक्रारही त्याचीच. माल पोचला, माहिती वाटेत गळली.

भडोचचा गट का ठेवायचा, हेही समजावा. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापाऱ्याच्या बंदरांच्या टिपणांत, म्हणजे पेरिप्लसमध्ये, चीनचं रेशीम बॅक्ट्रियावरून भडोचला येतं असं नोंदलं आहे. त्याच टिपणांत पैठणचं आणि तेरचंही नाव आहे, तिथून गाड्यांवर माल भडोचला जाई. नाणेघाटातला दगडी रांजण मुलांनी सहलीत पाहिलेला असतो, जकातीची नाणी त्यात टाकत अशी समजूत आहे. घाटातून उतरणारी ही वाट समुद्रमार्गे त्या मोठ्या जाळ्याला जोडलेली होती.

व्यापार शिकवताना लष्कर विसरू नका. पश्चिमेच्या चौक्यांवर हान आणि थांग सरकारांनी हजारो सैनिक ठेवले होते आणि थांग काळात त्यांचा पगार मोठ्या प्रमाणात रेशमाच्या ताग्यांत जाई. कापड हाच पैसा होता. वाळवंटातल्या गावांत एवढं रेशीम आलं त्यामागे नफ्यासाठी धावणाऱ्या सावकारांइतकाच सरकारी खजिनाही होता.

७. एका बाईचं पत्र

राजांच्या गोष्टी झाल्या की मुलांसमोर साधं माणूस आणा. दुनह्वांगच्या पश्चिमेला एका पडक्या टेहळणी बुरुजात स्टाइन यांना १९०७ मध्ये सोग्दी भाषेतली पत्रं मिळाली, इ.स. ३१३ च्या आसपासची, कागदावर लिहिलेली. त्यांतली दोन मियुनाय नावाच्या बाईची आहेत. नवऱ्याने तिला लहान मुलीसह दुनह्वांगला आणलं आणि तो निघून गेला. ती मदत मागत दारोदार फिरली, कुणी उभं केलं नाही. आईच्या सांगण्याविरुद्ध तुझ्यामागे आले, असं ती नवऱ्याला लिहिते, आणि शेवटी संतापून म्हणते की तुझी बायको होण्यापेक्षा कुत्र्याची किंवा डुकराची झाले असते तर बरं. मुलीनेही त्याच पत्रात बापाला दोन ओळी लिहिल्या आहेत.

पत्रं कधी पोचलीच नाहीत, टपालाची पिशवी बुरुजातच राहिली. इंग्रजी भाषांतर मोफत उपलब्ध आहे, तुम्ही सोप्या मराठीत करून एका पानावर छापा. आधी मोठ्याने वाचा, मग मुलांना मियुनायला उत्तर लिहायला सांगा, शेजारीण म्हणून, आई म्हणून, कुणीही होऊन. मला आलेल्या उत्तरांत एका मुलाने फक्त एवढंच लिहिलं होतं: "काकू, मुलीला घेऊन आमच्याकडे या." त्याचे वडील ऊसतोडीला जातात.

८. युआन श्वांग आणि त्याने पाहिलेला महाराष्ट्र

नावांचा गोंधळ इथे सगळ्यात जास्त होतो. ह्युएन त्संग, युआन श्वांग, श्वेनझांग ही एकाच माणसाची नावं आहेत. मुलाने वेगवेगळ्या पुस्तकांत ती वाचली की त्याला तिघं वाटतात. वर्गाच्या भिंतीवर एक तक्ता लावा आणि प्रत्येक नवीन नावाची सगळी रूपं तिथे लिहीत जा. फाहियान आणि फाशिएन हेही एकच.

युआन श्वांग हा चिनी बौद्ध भिक्षू इ.स. ६२९ च्या सुमारास सरकारी परवानगीशिवाय भारताकडे निघाला, ६४५ मध्ये ६५७ ग्रंथ घेऊन छांगआनला परतला, आणि मधल्या काळात, ६४१ च्या आसपास, महाराष्ट्रात येऊन गेला. इथले लोक मानी आहेत, उपकार विसरत नाहीत, अपमानही विसरत नाहीत, असं तो लिहितो. लढाईआधी हत्तींना दारू पाजतात आणि राजा पुलकेशीला हर्षवर्धन जिंकू शकला नाही, हेही. वर्गात टाळ्या पडतात, पडू द्या. पण नंतर विचारा: त्याने हे स्वतः पाहिलं की ऐकलं? तो किती दिवस होता, कुणाशी बोलला असेल? मग ऐहोळेच्या इ.स. ६३४ च्या शिलालेखाकडे या, त्यातही पुलकेशीने हर्षाला हरवल्याचं आहे. एक परक्या भिक्षूचं वर्णन, दुसरी दरबारी कवीची स्तुती. दोघांचा एकमेकांशी संबंध नाही, तरी एक गोष्ट जुळते. पुरावा ताडून पाहणं ते हेच.

डोंगरात कोरलेल्या ज्या विहाराचं तो वर्णन करतो तो बहुतेक अभ्यासक अजिंठा मानतात. इथे अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातला पद्मपाणी आणि दुनह्वांगच्या मोगाओ लेण्यांतलं एखादं बोधिसत्त्वाचं चित्र शेजारी-शेजारी दाखवा. मोगाओचं खोदकाम इ.स. ३६६ मध्ये सुरू झालं, असं परंपरा सांगते. डोळे, हातांची मुद्रा, दागिने, कापडाच्या चुण्या, यांत काय सारखं आणि काय बदललं, ते मुलांनाच शोधू द्या. बौद्ध धर्मही त्याच वाटेने हातोहात गेला. कुचाचे कुमारजीव यांनी, ज्यांचे वडील भारतातून गेलेले होते, इ.स. ४०१ नंतर छांगआनला बसून संस्कृत ग्रंथ चिनीत आणले.

९. मोफत साधनं कुठे मिळतील

'डिजिटल दुनह्वांग' या संकेतस्थळावर मोगाओची लेणी आत शिरून पाहता येतात, चारी बाजूंना फिरवता येतात. आंतरराष्ट्रीय दुनह्वांग प्रकल्पाकडे हस्तलिखितांची छायाचित्रं आहेत. इ.स. ८६८ मध्ये छापलेलं वज्रच्छेदिका सूत्र हा बौद्ध ग्रंथ ब्रिटिश लायब्ररीत आहे, छापल्याची तारीख असलेलं ते सर्वांत जुनं पूर्ण पुस्तक मानतात. न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन म्युझियम आपली बरीच छायाचित्रं वापरायला मुक्त ठेवतं. सहल दिल्लीला जात असेल तर राष्ट्रीय संग्रहालयात स्टाइन यांनी आणलेला मध्य आशियाचा संग्रह दाखवाच. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटांनी दिलेल्या चिनी वस्तू आहेत.

शाळेत नेट चालेलच असं धरू नका. चित्रं आदल्या दिवशी मोबाइलमध्ये उतरवून ठेवा. प्रोजेक्टर नसेल तर दहा रंगीत प्रिंट काढून लॅमिनेट करा, माझा संच पाचव्या वर्षीही चालतो आहे.

शब्दही साधन आहेत. दालचिनी हा फारसी 'दार-चिनी', म्हणजे चीनचं लाकूड. चहा हा चिनी 'छा' आणि इंग्रजांचा 'टी' हा दक्षिण चीनच्या फुजियान किनाऱ्यावरचा 'ते'. चिनीमाती तर बरणीवरच लिहिलेली. घरातून असे शब्द शोधून आणायला सांगा.

१०. जिथे पाय घसरतो

चीनची भिंत चंद्रावरून दिसते, हे कृपा करून शिकवू नका. चीनचा पहिला अंतराळवीर यांग लिवेई यालाही २००३ मध्ये ती पृथ्वीभोवतीच्या कक्षेतून दिसली नाही. चित्रांतली विटांची भिंत बहुतांशी मिंग काळातली आहे. हान काळातली तटबंदी दुनह्वांगजवळ माती आणि लव्हाळ्याचे थर चोपून केलेली होती. हान काळ शिकवताना मिंग भिंतीचं चित्र लावलं की मुलांच्या डोक्यात हजार वर्षांहून अधिक काळाची गफलत होते.

समुद्र विसरू नका. सगळं लक्ष उंटांकडे जातं आणि जहाजं मागे पडतात. इंडोनेशियातल्या बेलितुंग बेटाजवळ १९९८ मध्ये सापडलेल्या नवव्या शतकातल्या अरबी बनावटीच्या जहाजात चिनीमातीची सुमारे ६०,००० भांडी होती. उंटावर एवढी भांडी कोण लादेल? श्रीलंकेत गॉलला मिळालेला चंग ह या चिनी नौदलप्रमुखाचा १४०९ चा शिलालेख चिनी, तमिळ आणि फारसी अशा तीन भाषांत आहे आणि तिन्हींत वेगवेगळ्या दैवतांना दान दिल्याचं लिहिलं आहे. वेळ उरला तर या एका दगडावर पूर्ण तासिका होते.

आजचं राजकारण वर्गात येणारच. १९६२, सीमा, मोबाइल ॲप, सगळं. मुलांना गप्प करू नका आणि भाषणही देऊ नका. "हा प्रश्न आजच्या सरकारांचा आहे, आपण दोन हजार वर्षांपूर्वीच्या व्यापाऱ्याबद्दल बोलतो आहोत," एवढं सांगून प्रश्न फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवा आणि शेवटच्या तासिकेत घ्या. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले आणि १९४२ मध्ये तिथेच वारले, हे मी तेव्हा सांगते.

आणि एक फार महत्त्वाचं. तुमच्या वर्गात नेपाळी किंवा ईशान्य भारतातलं मूल असेल तर धडा सुरू करण्याआधी सावध व्हा. माझ्या वर्गात एका नेपाळी मुलाला या पाठानंतर आठवडाभर "ए चिनी" म्हणून चिडवत होते. मला कळलं तेव्हा त्याने डबा एकट्याने खायला सुरुवात केली होती. आता मी पहिल्याच दिवशी सांगते की चेहऱ्यावरून देश ठरवायचा नाही, आणि कुणी चिडवलं तर मी ते सोडून देणार नाही. नंतर निस्तरण्यापेक्षा आधी बोललेलं बरं.

११. तपासणी कशी करायची

सनावळी विचारू नका. दोन-तीन सनं पुरेशी आहेत: इ.स.पू. १३८, इ.स. ६४५, आणि नाव पडल्याचं १८७७. पेपरात मी आता असे प्रश्न घालते:

- मिरीचा एक दाणा भडोचहून छांगआनला पोचला. वाटेत तो कुणाकुणाच्या हातातून गेला असेल? किमान चार थांबे लिहा.
- तकलामाकानच्या मधून सरळ रस्ता का गेला नाही?
- चांग छिएनला बॅक्ट्रियात बांबूची काठी दिसली नसती तर त्याला कोणती गोष्ट कळली नसती?
- युआन श्वांग महाराष्ट्राबद्दल जे लिहितो त्यातलं काय त्याने पाहिलेलं असेल आणि काय ऐकलेलं? कशावरून?

पहिल्या प्रश्नात थांबे चुकले पण हात बदलताना दाखवले असतील तर मी अर्ध्याहून जास्त गुण देते. चौथ्या प्रश्नाला ठरलेलं उत्तर नाही, 'कशावरून' याचा गुण वेगळा ठेवा. आणि कोषाचा पुठ्ठा मुलांना घरी नेऊ द्या. पालकसभेत एका आजीने मला विचारलं होतं की हा धागा नातीने खरंच शाळेत काढला का. तिच्या कपाटात लग्नातली पैठणी होती आणि ती कोषापासून निघते हे तिने इतक्या वर्षांत कधी पाहिलं नव्हतं.